खेळ श्रेष्ठ कोणता आणि पाहावा कोणता

(हीरक महोत्सवी व्याख्यानाचा मजकूर)



शाळेच्या हीरक महोत्सवात बास्केटबॉलवर, आणि तेही अमेरिकेतील बास्केटबॉलवर, व्याख्यान कशासाठी, असा प्रश्न सभागृहातील काहींच्या मनात उभा राहिला असेल, तर तो रास्तच आहे. त्याचे उत्तर असे की हा खेळ एका विद्यालयाच्या व्यायामशाळेत जन्माला आला, शिक्षणसंस्थांनी त्याला वाढवले, आणि आज त्याच्या जन्मभूमीत त्याची दोन घरे आहेत. एक महाविद्यालयांचे, दुसरे व्यावसायिक संघांचे. दुसऱ्या घरात जगातील सर्वोत्कृष्ट खेळाडू राहतात, याविषयी दुमत नाही. तरीही दर वर्षी मार्च महिन्यात अमेरिकेतील कचेऱ्या, दुकाने आणि शाळांचे शिक्षककक्षसुद्धा पहिल्या घराकडे डोळे लावून बसतात. महाविद्यालयांचाच खेळ पाहण्यात खरा आनंद आहे, असे म्हणणारा एक मोठा वर्ग तेथे आहे. आणि चांगले सोडून सुमार पाहणे हा कसला आनंद, असे विचारणारा वर्गही तेवढाच मोठा आहे. ज्यांची मुले-नातवंडे शिक्षणासाठी तिकडे गेली आहेत, त्यांच्या घरी हा वाद एव्हाना दूरध्वनीवरून येऊन पोहोचलाही असेल.

वादाचा निवाडा करण्यापूर्वी वंशवृक्ष पाहणे बरे. १८९१ च्या डिसेंबरात मॅसॅच्युसेट्स राज्यातील स्प्रिंगफील्ड येथे, वायएमसीएच्या प्रशिक्षण विद्यालयात, जेम्स नेस्मिथ या तीस वर्षांच्या शिक्षकापुढे अठरा विद्यार्थ्यांचा एक अवखळ वर्ग होता. हिवाळ्यामुळे मैदान बंद, आणि चार भिंतींच्या आतल्या कवायतीला मुले विटलेली. नेस्मिथने शिपायाकडे दोन खोकी मागितली. खोकी नव्हती, पीच फळांच्या दोन टोपल्या होत्या. त्या व्यायामशाळेच्या सज्जाच्या कठड्याला ठोकल्या गेल्या. तो कठडा जमिनीपासून दहा फुटांवर होता, म्हणून आज जगभरात बास्केटची उंची दहा फूट आहे. कठडा नऊ फुटांवर असता तर या खेळाचा इतिहास निराळा झाला असता, आणि उंच मुलांना एवढे महत्त्व आले असते की नाही कोण जाणे. तेरा नियम कागदावर लिहिले गेले, नऊ-नऊ जणांचे दोन संघ झाले, आणि पहिल्या सामन्यात एकूण एकच टोपली झाली.

१८९८ मध्ये नेस्मिथ कॅन्सस विद्यापीठात रुजू झाले आणि तेथील संघाचे पहिले प्रशिक्षक बनले. त्या विद्यापीठाच्या प्रशिक्षकांपैकी विजयांपेक्षा पराभव अधिक ज्याच्या नावावर आहेत, असा एकमेव प्रशिक्षक म्हणजे या खेळाचा जनक! जिंकण्यापेक्षा मुलांची शरीरे आणि मने घडवण्यात त्यांना अधिक रस होता. भारतातही हा खेळ वायएमसीएच्याच वाटेने आला. १९२० साली हॅरी बक यांनी मद्रासला स्थापन केलेल्या शारीरिक शिक्षण महाविद्यालयातून बाहेर पडलेल्या शिक्षकांनी असे खेळ गावोगावच्या शाळांपर्यंत नेले. व्यावसायिक खेळाची आजची संघटना, म्हणजे एनबीए, हिचे मूळ १९४६ सालचे. तोवर महाविद्यालये अर्धशतक हा खेळ खेळत होती आणि त्यांच्या राष्ट्रीय स्पर्धेलाही सात वर्षे झाली होती. तेव्हा वयाने थोरले घर कोणते, हे स्पष्ट आहे.

गुणवत्तेने थोरले घर मात्र दुसरेच आहे, आणि ते आधीच मान्य करणे प्रामाणिकपणाचे होईल. महाविद्यालयीन संघांची वरची श्रेणी घेतली तरी तीत साडेतीनशेहून अधिक संस्था येतात. आणि व्यावसायिक संघ त्यांच्या वार्षिक निवडप्रक्रियेत, ज्याला तेथे ड्राफ्ट म्हणतात, साऱ्या जगातून जास्तीत जास्त साठ जणांना घेतात. गाळणी इतकी बारीक असल्यावर खाली जे उतरते ते शुद्धच असणार. महाविद्यालयात जो हुकमी म्हणून गाजतो, तो व्यावसायिक संघात पुष्कळदा राखीव खेळाडूंच्या बाकावर बसलेला दिसतो. एकट्याने, कोणी अडवत नसताना मारायचा फ्री थ्रो घ्या: व्यावसायिक खेळाडू शंभरातील पंच्याहत्तरहून अधिक टाकतात, महाविद्यालयीन खेळाडू सत्तरच्या आसपास घुटमळतात. अंतरे पाहा: तीन गुणांची रेषा एनबीएत बास्केटपासून २३ फूट ९ इंचांवर आहे, महाविद्यालयात सुमारे २२ फुटांवर, आणि त्या लांबच्या रेषेमागूनही व्यावसायिक खेळाडूच सरस ठरतात.

खेळ पाहणाऱ्याला रुचेल असा करण्याची अक्कलही आधी व्यावसायिकांनाच सुचली. २२ नोव्हेंबर १९५० रोजी फोर्ट वेनच्या संघाने मिनिॲपोलिसच्या बलाढ्य लेकर्सना १९-१८ असे हरवले. अठ्ठेचाळीस मिनिटांत दोन्ही संघांचे मिळून ३७ गुण! चेंडू हातात घरून नुसते उभे राहायचे, एवढीच फोर्ट वेनची युक्ती. प्रेक्षक वर्तमानपत्रे वाचत बसणार, हे उघड होते. १९५४ मध्ये सिरॅक्यूज संघाचे मालक डॅनी बियासोन यांनी त्यावर तोडगा काढला. रंगलेल्या सामन्यांत दोन्ही संघ मिळून साधारण १२० वेळा बास्केटकडे चेंडू मारतात, असे त्यांना दिसले. ४८ मिनिटांचे सेकंद २,८८०. त्यांना १२० ने भागले की २४. चोवीस सेकंदांत चेंडू मारलाच पाहिजे, हा नियम या त्रैराशिकातून आला आणि त्याने एनबीए तगली. पुरुषांच्या महाविद्यालयीन खेळात असे घड्याळ सर्वत्र यायला १९८५ उजाडले. तेही आधी ४५ सेकंदांचे, मग ३५, आणि २०१५ पासून ३०.

व्यावसायिक खेळाच्या बाजूने आणखी एक गोष्ट बोलायला हवी, कारण महाविद्यालयांचे भक्त ती सोयीने विसरतात. तेथील निर्णायक फेऱ्या सात-सात सामन्यांच्या असतात. चार जिंकणारा पुढे जातो. एकाच प्रतिस्पर्ध्याशी दोन आठवडे झुंजताना डावपेचांना जी खोली येते, ती एका सामन्यात येणे शक्य नाही. पहिल्या रात्रीची युक्ती दुसऱ्या रात्री उघडी पडते, तिसऱ्या रात्री तिच्यावर उतारा येतो, चौथ्या रात्री उताऱ्यावर उतारा. २०१६ मध्ये गोल्डन स्टेट संघाने ८२ पैकी ७३ सामने जिंकून विक्रम केला होता आणि अंतिम फेरीत ३-१ अशी आघाडी घेतली होती. क्लीव्हलँडने पुढचे तिन्ही सामने जिंकून विजेतेपद हिरावले. ज्याला शास्त्रीय गायनातील विलंबित ख्याल ऐकण्याची सवय आहे, त्याला असली मालिका पाहताना तोच आनंद मिळेल.

मग महाविद्यालयांच्या पारड्यात उरते काय? पहिली गोष्ट, बाद पद्धती. राष्ट्रीय स्पर्धेत आज ६८ संघ येतात. प्राथमिक लढतींनंतर ६४ उरतात आणि तेथून पुढे एक पराभव म्हणजे घर. सात सामन्यांची मालिका ही न्यायाची व्यवस्था आहे. श्रेष्ठ संघच शेवटी जिंकावा अशी तिची रचना आहे. बाद पद्धतीला न्यायाचे सोयरसुतक नाही. १६ मार्च २०१८ रोजी व्हर्जिनिया विद्यापीठाचा संघ, साऱ्या स्पर्धेत अग्रमानांकित, मेरीलँड विद्यापीठाच्या बाल्टिमोर काउंटी शाखेशी खेळला. ही संस्था तोवर बुद्धिबळाच्या संघासाठी प्रसिद्ध होती. पहिल्या आणि सोळाव्या मानांकनांमध्ये तोवर १३५ लढती झाल्या होत्या आणि १३५ वेळा पहिलाच जिंकला होता. मध्यंतराला गुणफलक २१-२१ होता. शेवटी बुद्धिबळवाल्यांनी सामना ७४-५४ असा, तब्बल वीस गुणांनी, जिंकला. पुढच्या वर्षी त्याच व्हर्जिनियाने, त्याच प्रशिक्षकाच्या हाताखाली, राष्ट्रीय विजेतेपद मिळवले. आदल्या वर्षीची नामुष्की सोसलेली मुलेच त्या संघात होती. व्यावसायिक खेळात पहिली गोष्ट जवळजवळ अशक्य, आणि म्हणून दुसरीला तेवढी चव नाही.

या अनिश्चिततेवर तेथे एक लोकव्रतच उभे आहे. ६४ संघांच्या ६३ सामन्यांचा निकाल आधीच भाकीत करून तक्ता भरायचा. राष्ट्राध्यक्ष असताना बराक ओबामांनीही तो दूरचित्रवाणीवर भरून दाखवला होता. प्रत्येक सामना नाणेफेकीसारखा मानला तर संभाव्य तक्त्यांची संख्या सुमारे ९२ परार्ध भरते. एकं-दहं-शतं पाठ करताना परार्ध या शब्दाचा जन्मात कधी उपयोग होईल, असे कोणत्याही मराठी विद्यार्थ्याला वाटले नसेल. तो येथे होतो. संपूर्ण अचूक तक्ता आजवर कोणाच्याही हातून भरला गेल्याची नोंद नाही.

दुसरी गोष्ट, शैलींची विविधता. एनबीएत गणिताने आता एक उत्तर काढले आहे: तीन गुणांच्या रेषेमागून मारा, नाहीतर थेट बास्केटखाली जा, मधली जागा सोडा. १९७९-८० मध्ये ती रेषा आली तेव्हा एक संघ सामन्यात सरासरी तीन वेळाही तेथून चेंडू मारत नसे. अलीकडच्या हंगामांत हा आकडा पस्तिसाच्या वर गेला आहे. तीसही संघ एकाच गुरूचे शिष्य वाटावेत, अशी स्थिती. महाविद्यालयांत तसे नाही, कारण तेथे दुबळ्याला बलवानाची नक्कल करून चालतच नाही. न्यू जर्सीतील प्रिन्स्टन ही विद्वानांची संस्था. ती खेळासाठी शिष्यवृत्त्या देत नाही. तिचे प्रशिक्षक पीट कॅरिल यांनी शांतपणे चेंडू फिरवत राहण्याची, आणि बचाव करणारा क्षणभर पुढे झुकला की त्याच्या पाठीमागून बास्केटकडे पळण्याची एक पद्धत बसवली होती. मार्च १९९६ मध्ये तिच्या बळावर प्रिन्स्टनने गतविजेत्या यूसीएलएला ४३-४१ असे हरवले. निर्णायक टोपलीही अशाच पाठीमागच्या धावेतून, शेवटच्या काही सेकंदांत आली. ४३ गुण एनबीएतील संघ मध्यंतरापूर्वीच करतो. पण त्या संध्याकाळी कोणी वर्तमानपत्र वाचत बसले नसेल! कॅरिल पुढे सॅक्रामेंटो किंग्ज या व्यावसायिक संघात सहायक प्रशिक्षक झाले, आणि त्यांच्या पद्धतीचे धागे त्या संघाच्या देखण्या खेळात दिसले. महाविद्यालयात रुजलेली कल्पना अशी वरच्या घरात पोहोचते.

किंग्जचा उल्लेख आलाच आहे तर एक मराठी नाव घेतलेच पाहिजे. मुंबईत जन्मलेले उद्योजक विवेक रणदिवे २०१३ पासून या संघाचे प्रमुख मालक आहेत. ऑक्टोबर २०१९ मध्ये एनबीएचे भारतातील पहिले सामने वरळीच्या एनएससीआय सभागृहात झाले, तेव्हा एक संघ त्यांचाच होता. इंडियानाने पहिला सामना जादा वेळेत १३२-१३१ असा जिंकला. त्या रात्री प्रेक्षागारात हजारो शाळकरी मुले होती. त्यांच्या आनंदाला कोणत्याही नात्यागोत्याची गरज नव्हती. कौशल्य दिसत होते आणि ते पुरेसे होते. भारतात पहाटे उठून दूरचित्रवाणीसमोर बसणाऱ्याला एनबीए जवळची वाटते, ती यामुळे. दूर बसलेल्या, कोणत्याच संघाचा नसलेल्या प्रेक्षकाने व्यावसायिक खेळच पाहावा, असे मोकळेपणाने सांगायला हरकत नाही.

पण जो दूरचा नाही, त्याचे काय? येथे या वादाचा गाभा आहे. उत्तर कॅरोलायनातील ड्यूक विद्यापीठाचे क्रीडागृह १९४० साली बांधलेले. आसने अवघी ९,३१४. चॅपल हिलच्या शेजारी विद्यापीठाशी होणाऱ्या सामन्यासाठी तेथील विद्यार्थी कित्येक आठवडे तंबू ठोकून राहतात. तंबूत ठरलेल्या संख्येने मुले आहेत की नाहीत, हे रात्री-अपरात्री तपासले जाते; नसतील तर रांगेतला क्रमांक गेला. मैदानाला लागूनच्या जागा या मुलांच्या. व्यावसायिक सामन्यात नेमक्या त्याच जागांवर चित्रपटतारे आणि धनिक बसतात. एवढ्या एका फरकाने ऐकू येणारा आवाज बदलतो. एका ठिकाणी ध्वनिक्षेपक टाळ्या मागतो. दुसऱ्या ठिकाणी वाद्यवृंदातील मुलगा सकाळच्या तासाला ज्याच्या शेजारी बसला होता, त्याच्याच नावाने ओरडत असतो.

शिवाय महाविद्यालय गाव सोडून जात नाही. सिएटल शहरात सुपरसॉनिक्स नावाचा एनबीए संघ ४१ वर्षे होता. १९७९ मध्ये तो विजेता झाला. बापांनी मुलांना खांद्यावर बसवून त्याचे सामने दाखवले. २००८ मध्ये नव्या मालकांनी तो ओक्लाहोमा सिटीला हलवला. नाव बदलले, रंग बदलले. २०२५ मध्ये त्या संघाने विजेतेपद मिळवले, तेव्हा सिएटलच्या जुन्या प्रेक्षकांनी काय करायचे होते? लेकर्स या नावात मिनेसोटाची सरोवरे आहेत. संघ १९६० पासून लॉस एंजेलिसमध्ये आहे. जॅझ हे नाव न्यू ऑर्लिन्सच्या संगीताचे. तो संघ १९७९ पासून यूटात आहे. व्यवसायाच्या दृष्टीने यात गैर काही नसेल. पण कॅन्सस विद्यापीठाचा संघ उद्या टेक्ससला गेला, असे वाक्य उच्चारताच त्यातला विनोद कळतो.

सिएटलचा संघ गेला त्याच वर्षी, मार्च महिन्यात, डेव्हिडसन नावाच्या एका लहान महाविद्यालयाने हा फरक फार सुंदर रीतीने दाखवला. उत्तर कॅरोलायनातील ही संस्था १८३७ ची. विद्यार्थी दोन हजारांच्या आत. तिच्या संघात दुसऱ्या वर्षाचा एक किरकोळ अंगाचा विद्यार्थी होता. त्याचे वडील व्यावसायिक खेळाडू; तरी त्यांच्याच जुन्या विद्यापीठाने या मुलाला खेळाची शिष्यवृत्ती देऊ केली नव्हती. दहावे मानांकन मिळालेल्या डेव्हिडसनने पहिल्या लढतीत गोन्झागाला हरवले, दुसरीत जॉर्जटाउनला. आता पुढचा सामना मिशिगन राज्यात, डेट्रॉइटला. शेकडो मैल दूर. तेव्हा संस्थेच्या विश्वस्तांनी ठरवले की ज्या विद्यार्थ्याला सामना पाहायला जायचे आहे, त्याच्या बसचा, राहण्याचा आणि तिकिटाचा खर्च विश्वस्त करतील. बसगाड्या भरून मुले निघाली. डेव्हिडसनने विस्कॉन्सिनलाही हरवले. त्यापुढच्या सामन्यात, उपान्त्य फेरीच्या उंबरठ्यावर, गाठ पडली ती कॅन्ससशी, नेस्मिथच्या कॅन्ससशी. शेवटच्या क्षणी डेव्हिडसनचा चेंडू बास्केट चुकला आणि सामना ५९-५७ असा गेला. त्या वर्षीचे विजेतेपद कॅन्ससनेच मिळवले. त्या किरकोळ मुलाचे नाव स्टीफन करी.

करी पुढे काय झाला, हे सभागृहातील मुलांना पालकांपेक्षा अधिक ठाऊक असेल. लांबून चेंडू मारण्याच्या कलेत त्याच्या तोडीचा खेळाडू झालेला नाही, आणि त्याची सर्वोत्तम कामगिरी निःसंशय एनबीएतली आहे. पण त्या बसगाड्यांमधून डेट्रॉइटला गेलेल्यांपैकी कोणाला विचारले, तर त्याचा सर्वांत आनंददायी सामना कोणता, याचे उत्तर बहुधा वेगळे येईल. तो सामना तर संघ हरला होता!

इथवर पारडे महाविद्यालयांकडे झुकले आहे. मात्र या आनंदाची किंमत कोण मोजत होते, हा प्रश्न टाळून हा विषय संपवणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. २०१० मध्ये या स्पर्धेच्या प्रक्षेपणाचे हक्क चौदा वर्षांसाठी १,०८० कोटी डॉलरना विकले गेले. प्रशिक्षकांना लक्षावधी डॉलर मिळत. कित्येक राज्यांत सर्वाधिक पगार घेणारा सरकारी नोकर म्हणजे सरकारी विद्यापीठाचा फुटबॉल किंवा बास्केटबॉलचा प्रशिक्षक. मैदानावर घाम गाळणाऱ्या मुलांना शिक्षण, निवास आणि भोजन. हौशीपणाचे पावित्र्य, असे या व्यवस्थेला म्हटले जाई. आणि ते पावित्र्य जपण्याची जबाबदारी तेवढी विद्यार्थ्यांवर असे. यूसीएलएला १९९५ मध्ये विजेतेपद मिळवून देणारा एड ओबॅनन पुढे मोटारी विकण्याच्या व्यवसायात होता. एका परिचिताच्या घरी व्हिडिओ खेळात त्याला पडद्यावर स्वतःच दिसला: तोच संघ, तोच क्रमांक, तीच ठेवण. खेळ विकला जात होता. ओबॅननला छदामही मिळत नव्हता. तो न्यायालयात गेला. २०१४ मध्ये त्याच्या बाजूने निकाल लागला, आणि २०२१ मध्ये आणखी एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने नऊ विरुद्ध शून्य मतांनी महाविद्यालयीन संघटनेचे निर्बंध मोडीत काढले. त्याच वर्षीच्या १ जुलैपासून खेळाडूंना आपल्या नावावर आणि प्रतिमेवर पैसे मिळवता येऊ लागले. २०२५ पासून तर विद्यापीठे थेट खेळाडूंना पैसे देऊ शकतात. पहिल्या वर्षी प्रत्येक संस्थेला सुमारे २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत.

हे न्याय्य झाले, याविषयी शंका बाळगण्याचे कारण नाही. ज्याच्या खांद्यावर पालखी, त्याला प्रसाद नाही, ही रीत टिकणे शक्यच नव्हते आणि टिकायलाही नको होती. पण न्यायासोबत दुसरेही काही आले. संस्था बदलणाऱ्या खेळाडूला पूर्वी एक वर्ष बाहेर बसावे लागे. ती अट २०२१ मध्ये सैल झाली आणि २०२४ मध्ये जवळजवळ गेलीच. चार वर्षांत चार विद्यापीठांचे रंग अंगावर चढवणारा खेळाडू आता नवलाचा राहिलेला नाही. त्याआधीच, २००६ पासून, शालेय शिक्षणानंतर एक वर्ष गेल्याखेरीज एनबीएत प्रवेश नाही असा नियम झाल्यामुळे, सर्वांत गुणी मुले महाविद्यालयात जेमतेम एक हिवाळा काढून जात होती. ज्याचे नाव कळेपर्यंत तो निघून जातो, त्याच्यासाठी तंबूत कोण राहणार? धनिकांना एकच खेळ परवडेल, तर तो एनबीएचाच परवडावा. व्यावसायिकता हवी तर ती निदान उत्कृष्ट असावी, असा प्रश्न महाविद्यालयांचे जुने प्रेमिकही आता विचारू लागले तर त्यांना दोष देता येणार नाही.

या प्रश्नाला एक उत्तर अनपेक्षित दिशेने आले आहे. आयोवा राज्यातील केटलिन क्लार्क ही मुलगी शिक्षणासाठी आपल्याच राज्याच्या विद्यापीठात गेली आणि चारही वर्षे तेथेच खेळली. महिलांच्या व्यावसायिक संघांचा नियम पुरुषांपेक्षा कडक आहे. पदवी पूर्ण व्हावी किंवा वयाची बावीस वर्षे भरावीत, तेव्हाच अमेरिकन खेळाडूला तेथे प्रवेश. त्यामुळे लोकांना तिला वाढताना पाहता आले: पहिल्या वर्षीचा उतावळेपणा, दुसऱ्या वर्षीचा अपेक्षाभंग, तिसऱ्या वर्षी अंतिम सामन्यातील हार. मार्च २०२४ मध्ये तिने पीट मारविच यांचा ३,६६७ गुणांचा, अर्धशतकाहून जुना विक्रम मागे टाकला. मारविच यांनी तो तीनच वर्षांत आणि तीन गुणांच्या रेषेविना केला होता, हे न्यायासाठी नमूद केले पाहिजे. त्याच एप्रिलमध्ये दक्षिण कॅरोलायनाने आयोवाला अंतिम सामन्यात हरवले. तो सामना १ कोटी ८० लाखांहून अधिक अमेरिकनांनी पाहिला. पुरुषांचा अंतिम सामना सुमारे १ कोटी ४८ लाखांनी. महिलांच्या सामन्याला पुरुषांच्या सामन्याहून अधिक प्रेक्षक, असे यापूर्वी कधी झाले नव्हते. क्लार्क अद्वितीय आहे, हे खरे. पण लोकांनी तिला चार वर्षे एकाच रंगात पाहिले होते, हेही तितकेच खरे. महाविद्यालयीन खेळाचा जुना आनंद कोठे शिल्लक आहे, असे कोणी विचारले तर सध्या तरी महिलांच्या सामन्याकडे बोट दाखवावे.

आणि पुरुषांच्या बाजूला डेव्हिडसन अजून आहे. करी २००९ मध्ये, पदवीला एक वर्ष बाकी असताना, व्यवसायात गेला. पदवी पूर्ण करीन, असे वचन त्याने आईला आणि प्रशिक्षकांना दिले होते. डेव्हिडसनची रीत अशी की पदवीधर नसलेल्या खेळाडूचा क्रमांक कायमचा जपून ठेवण्याचा सन्मान द्यायचा नाही. मग तो कितीही मोठा होवो. त्यामुळे जगातील सर्वांत मोठ्या नेमबाजाचा ३० क्रमांकाचा गणवेश त्याच्याच महाविद्यालयात तेरा वर्षे तसाच राहिला. २०२२ च्या मे महिन्यात करीने समाजशास्त्राची पदवी पूर्ण केली. जूनमध्ये त्याने एनबीएचे चौथे विजेतेपद मिळवले. ऑगस्टअखेर डेव्हिडसनने त्याच्यासाठी खास समारंभ करून पदवी हाती दिली आणि मग क्रमांक क्रीडागृहात चढवला. मार्च २०२५ मध्ये, स्वतः अजून व्यावसायिक संघातून खेळत असताना, त्याने जुन्या महाविद्यालयाच्या बास्केटबॉल संघांचे सहायक महाव्यवस्थापकपद स्वीकारले. खेळाडूंना पैसे द्यावे लागण्याच्या या नव्या काळात लहान संस्थेचे संघ उभे राहावेत, म्हणून त्यांच्यासाठी निधी उभारण्याचे काम त्यात आहे.